वाऱ्याच्या तोंडी बॉयलर

आमच्या जिन्यात बॉयलरविषयी मत नसलेला एकच जीव होता, तो म्हणजे तळमजल्यावरची मांजर. बाकी प्रत्येकाला मत होतं आणि ते प्रत्येकानं मला दिलं. मी मागितलं नव्हतं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी टपालपेटीपाशी उभा असताना मी तुदोसे इंजिनिअरना सहज म्हणालो होतो की, यंदा आम्हीही स्वतःचा बॉयलर बसवावा म्हणतो. संध्याकाळपर्यंत ही बातमी चारही मजले चढून आमच्या दाराशी परत आली. वाटेत ती इतकी फुगली होती की माझ्या बायकोला, लिओन्तिनाला, कुणीतरी "तुम्ही घर विकून इटलीला चाललात म्हणे?" असं विचारून गेलं.

इटलीचा संबंध होता, पण उलटा. आमची मुलगी स्मारांदा तोरीनोला असते. तिला मुलगा झाला, दारिओ, आणि जन्मल्यापासून तो आमच्यासमोर फक्त फोटोंतून वाढत होता. शेवटी तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं.

"बाबा, दोन वर्षांमागच्या नाताळात मी तुमच्याकडे कोट घालून जेवले. मी मोठी आहे, जेवले. पण या बाळाला मी त्या फ्रीजमध्ये आणणार नाही. घर गरम करा, आम्ही नाताळला येतो. नाही केलंत तर फोटो पाठवते."

तिचं काही चुकत नव्हतं. शहराच्या मोठ्या भट्टीतून नळ्यांनी येणारं गरम पाणी आमच्या तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत इतकं थकलेलं असायचं की त्याचीच दया यावी. खोलीतल्या रेडिएटरला हात लावला तर कोण कुणाला ऊब देतंय ते कळायचं नाही. जिन्यातल्या बाकीच्यांनी एकेक करून शहराशी काडीमोड घेतला होता आणि घरोघर बॉयलर लटकले होते. शहराच्या पाण्यावर दोनच घरं उरली होती. एक आम्ही आणि दुसरी आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, तांती जेनी.

"नातू की रेडिएटर, ठरव," लिओन्तिना म्हणाली. ठरवण्यासारखं काही नव्हतं, पण बायकोनं ठरवायला सांगितलं की थोडा विचार केल्यासारखं दाखवावं लागतं. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि मग म्हणालो, "नातू."

आता बॉयलर कोणता? गॅसवरच्या एकाच यंत्रानं रेडिएटरही तापवायचे आणि नळाचं पाणीही, हा एवढाच मामला. पण मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आहे, आणि अभ्यास केल्याशिवाय मी सुरीसुद्धा विकत घेत नाही. तेव्हा लोक मुलाला स्थळं बघत हिंडतात तसा मी जिन्यातले बॉयलर बघत हिंडलो. आणि एक गोष्ट ध्यानात आली. ज्यानं बॉयलर घेतलाय तो त्याला कधी नावं ठेवत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शेजाऱ्याच्या बॉयलरला मात्र पहिल्या वाक्यापासून क्षय झालेला असतो.

तुदोसे इंजिनिअर निवृत्तीपर्यंत जहाजाच्या गोदीत होते. "ताकद बघा, प्रोफेसरसाहेब, ताकद! बाकी सगळी रंगरंगोटी," असं म्हणून त्यांनी मला जो आकडा सांगितला तेवढ्या ताकदीत दान्यूबवरचा एखादा पडाव उबदार झाला असता. मी म्हटलं, आमच्या दोनच खोल्या आहेत. त्यावर ते म्हणाले, "आज दोन आहेत." उद्या खोल्यांना पिल्लं होणार होती की काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

इमारतीचे कारभारी ग्योचेल यांचं म्हणणं बरोबर उलट. "साधा घ्या. जितका हुशार तितका नाटकी. माझी पहिली बायको हुशार होती." त्यांच्याकडे मी बॉयलर बघायला गेलो तेव्हा बैठकीच्या खोलीत ते टोपी घालून बसले होते. म्हटलं, बिघडलाय का? "छे, बिघडतोय कसला! बायको आंघोळीला गेलीये. नळ सोडला की हा आधी नळाकडे बघतो, खोल्यांकडे नंतर. एवढंच. बाई बाहेर आली की होतंच गरम." बाई आत गात होती आणि गाणं काही लवकर संपण्यातलं नव्हतं.

शिवाय काटकसरी बॉयलर हवा तर तो ठिबकतो, ही नवी माहिती मिळाली. धुरातली ऊबसुद्धा तो वाया घालवत नाही, धुराला अगदी पिळून काढतो, आणि पिळल्यावर जे पाणी निघतं ते नळीतून टपटपत राहतं. ग्योचेलांनी ते फुकटचं पाणी वाया जाऊ नये म्हणून बायकोच्या लिंबाच्या झाडाला घातलं. पाणी निघालं आंबट. झाड गेलं. बायको दोन आठवडे माहेरी होती, तेवढ्यात घर मात्र फार छान तापलं, असं त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केलं.

ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, म्हणून मी सगळ्यांचं ऐकलं आणि दुकानात गेलो. विश्वासू, काटकसरी, शांत, पांढरा, आणि गच्चीवजा बंद बाल्कनीत लिओन्तिनाच्या खारवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी मावेल एवढा बारीक, असा एक बॉयलर मी निवडला. त्याची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून, खुणा करून, विक्रेत्या मुलीला तिच्याच मालाविषयी चार प्रश्न असे विचारले की ती मॅनेजरला बोलवायला गेली ती परत आली नाही. निवड उत्तम होती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण माझा बैल उत्तम होता. मी तो बांधला भलतीकडे.

त्याचं असं झालं. बॉयलरचं धुराडं भिंतीतून बाहेर काढायचं तर ज्याच्या खिडकीखालून ते निघतं त्याची सही लागते. खिडकी तांती जेनीची. तांती म्हणजे मावशी, आत्या, काकू, काय हवं ते. जेनी अख्ख्या जिन्याची तांती होती. पूर्वी ती पाळणाघर चालवायची. आम्ही दोघं शाळेत शिकवत असताना आमची स्मारांदा तिच्याच मांडीवर मोठी झाली. तेव्हा सही म्हणजे कॉफी पिता पिता होणारं काम, असं समजून मी वर गेलो, बूट दाराशी काढले, तिनं दिलेल्या पाहुण्यांच्या सपाता घातल्या आणि बसलो.

"सही देते की," ती म्हणाली. "पण धूर कुठं जाणार, तावी?"

"धूर कसला, तांती? नवीन बॉयलर आहे. नुसती वाफ."

"वाफ मला कळते. जन्मभर लंगोट उकळलेत मी. कुठं जाणार?"

"तुमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखालून. अगदी थोडीशी."

"मग नाही."

मी तिला समजावलं. खरं तर मी तिला शिकवलं. भिंतीच्या दिशा, इमारतीचा आडोसा, वाफेचं प्रमाण, सगळं बोटांनी टेबलावर काढून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, मधे दोनदा माझी कॉफी ओतली आणि शेवटी म्हणाली, "झालं? आता ऐक. त्या खिडकीत माझी जिरेनियमं आहेत आणि त्या खिडकीपाशी माझं डोकं असतं. दोन्हींत मला तुझी वाफ नको. दुसरीकडून काढ."

"तुम्हीही बसवून टाका ना एक. आम्ही निघालो की शहराच्या पाण्यावर तुम्ही एकट्याच."

"गॅसचं भूत मी घरात टांगणार नाही. ते कोमट पाणी बरं आहे मला. ते झोपेत मारत नाही."

आता इथं माझा तोल गेला. महिनाभर जिन्यातला प्रत्येक माणूस मला शिकवत होता आणि मी निमूट ऐकत होतो. तो सगळा साठा त्या म्हातारीवर रिकामा झाला. मी उठलो आणि म्हणालो, "मग बसा त्या गारढोण नळ्यांना मिठी मारून! माझा पाय पुन्हा या घराला लागणार नाही!" आणि ताडताड निघून आलो. खाली आल्यावर लिओन्तिनानं माझ्या पायांकडे पाहिलं. मी तांती जेनीच्या सपाता घालून आलो होतो आणि माझे बूट वर होते. पाय न लावण्याची शपथ ताजी असल्यामुळे अदलाबदल करायला बायकोला पाठवावं लागलं. ती बराच वेळ वर होती आणि परत आली तेव्हा हसून हसून तिचे डोळे ओले झाले होते. घरातल्या माणसानं असं शत्रूच्या घरी बसून हसावं, हे मला लागलं.

मिस्त्री फाने म्हणाला, "बाल्कनी पूर्वेला आहे ना? तिकडे वर कुणाची खिडकी नाही, मग तिकडून काढू की. भिंत ती भिंत, प्रोफेसरसाहेब, धुराला काय कळतंय?" फाने हा आत्मविश्वासानं भरलेला माणूस होता. मी हो म्हणालो. आणि हे मी का म्हणालो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कारण आमच्या ब्रइला शहरात पूर्वेला आणि ईशान्येला काय आहे? नदी आहे, दलदल आहे आणि त्यापलीकडे थेट रशियापर्यंत उघडंबोडकं मैदान आहे. त्या मैदानावरून हिवाळ्यात क्रिवत्स नावाचा वारा येतो. ईशान्येकडून. दरवर्षी पाचवीच्या वर्गात फळ्यावर मी त्या वाऱ्याचा निळा बाण काढला आहे. बाण नीट काढला नाही म्हणून पोरांचे गुण कापले आहेत. आणि त्याच बाणाच्या टोकावर मी माझं धुराडं लावून दिलं. तांती जेनीवरच्या रागात मला दिशा सुचल्या नाहीत.

जुने रेडिएटर काढताना फानेनं आमच्याकडच्या नळीचं तोंड उघडलं तेव्हा आतून काळा, गंजका, घट्ट गाळ निघाला. बादलीभर निघाला. "अरे बाप रे, हे कधीपासून चोंदलंय?" असं म्हणून त्यानं नळी झटकून साफ केली, आमचे फाटे बंद केले आणि वर चौथ्या मजल्यावर जाणारी उभी नळी तेवढी तशीच ठेवली. मी त्या गाळाकडे विशेष लक्ष दिलं नाही. तेव्हा दिलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

मग आली तपासणी. गॅसच्या नियमानुसार स्वयंपाकघराच्या भिंतीला वाऱ्यासाठी एक कायमचं उघडं भोक लागतं. आता आमच्याकडे माणूस युद्धानं किंवा म्हातारपणानं मरत नाही. तो समोरासमोरच्या दोन फटींतून आलेल्या वाऱ्याच्या झोतानं मरतो, ही आमची राष्ट्रीय श्रद्धा आहे. उन्हाळ्यातसुद्धा बसमध्ये खिडकी उघडली तर अर्धी बस ओरडते. अशा देशात लिओन्तिनाच्या स्वयंपाकघरात, बरोबर तिच्या मानेच्या उंचीवर, सरकारी भोक पडलं. फाने जिना उतरायच्या आत तिनं त्यात माझी जुनी बंडी कोंबली.

निरीक्षक आले, टेबलाशी बसले आणि भोकाकडे बघून म्हणाले, "हे बंद आहे. बंद असेल तर परवानगी नाही."

मी बंडी उपसली. निरीक्षकांनी ताबडतोब कॉलर वर केली. "इथून वारा येतोय."

"भोक आहे ना, साहेब."

"माझी मान आधीच आखडलीये. बंद करा ते."

मी बंडी कोंबली. त्यांनी लिहायला घेतलं आणि थांबले. "पण बंद असेल तर..."

असं दोन-चारदा झाल्यावर लिओन्तिनानं तोडगा काढला. तिनं निरीक्षकांना झोपायच्या खोलीत नेऊन पलंगावर बसवलं, गळ्याला स्वतःची शाल गुंडाळली, हातात गरम त्सुइकाचा, आमच्याकडच्या आलुबुखारच्या दारूचा, पेला दिला, आणि मग भोक उघडं आहे अशी मी स्वयंपाकघरातून ओरडून ग्वाही दिली. परवानगी मिळाली. जाताना निरीक्षक मला हळूच म्हणाले, "बंडी लोकरीची घ्या. सुती आरपार जाते."

बॉयलर सुरू झाला तो दिवस मी विसरणार नाही. वारा पडलेला होता, दिवस मऊ होते आणि घरात मी सदऱ्यावर बसलो होतो. तुदोसे इंजिनिअर येऊन रेडिएटरला हात लावून गेले आणि काही न बोलता गेले, यातच सगळं आलं. चार दिवसांनी लिओन्तिना बाल्कनीतून किंचाळली. बॉयलर स्वतःच्या अंगाची थोडी ऊब बाल्कनीतही सोडत होता आणि शेजारी नाताळच्या सार्मालेसाठी खारवलेल्या कोबीचं पिंप होतं. कोबीला टिकायला थंडी हवी असते. कोबीच्या पानांचा लगदा झाला होता आणि वास असा सुटला होता की बाल्कनीचं दार उघडल्यावर मीच बंडी शोधू लागलो.

"कोबीशिवाय नाताळ," लिओन्तिना म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा. खिमा कशात गुंडाळू? तुझ्या माहितीपुस्तिकेत?"

मी तोंड उघडायच्या आत ती पातेलं घेऊन वर गेली होती. तांती जेनीनं तिच्या पिंपातले सगळ्यात मोठे गड्डे दिले. मी ते खाणार नाही असं जाहीर केलं. लिओन्तिनानं गड्ड्यांची पानं सोडवायला घेतली.

स्मारांदा तेवीस तारखेला आली. दारिओला मी विमानतळावर पहिल्यांदा हातात घेतलं. त्यानं माझ्या मिशीकडे पाहिलं, ती ओढून पाहिली, खरी आहे अशी खात्री पटल्यावर एकदम हसला आणि माझ्या खांद्यावर त्यानं डोकं टाकलं. मला रडू आलं. त्याचं कारण मी थंडी असं सांगितलं. घरी आलो, घर उबदार. स्मारांदानं कोट काढला, स्वेटर काढला, आणि म्हणाली, "बाबा! खरंच की हो!" हा माझ्या बॉयलरच्या कारकिर्दीतला सर्वोच्च क्षण. तो साधारण रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला.

चोवीसला सकाळी क्रिवत्स सुटला. बाल्कनीत बॉयलर एकदा खोकला, विझला आणि त्याच्या अंगावर एक लाल दिवा लागला. मी बटण दाबलं. पेटला. धुराड्यात वारा घुसला. विझला. बटण. पेटला. विझला. दुपारपर्यंत खिडक्यांच्या आतून दव धरलं आणि दारिओच्या नाकाचा शेंडा लाल झाला. फानेला फोन केला तर तो गावी डुक्कर कापायला गेलेला. "वारा शिरतोय, प्रोफेसरसाहेब. धुराड्याला टोपी हवी. सणानंतर आलो की दहा मिनिटांचं काम. तोवर असं करा, कान देऊन ऐका. आत टकटक झाली आणि तिसरी टकटक संपली की लगेच बटण दाबा. आधी नाही, नंतर नाही. पण नीट ऐकायला हवं हं!"

तेवढ्यात दार वाजलं. दारात तांती जेनी, भर डिसेंबरात बिनबाह्यांच्या सुती झग्यात. गाल लालबुंद, कपाळावर घाम.

"पोराला वर आण, स्मारांदा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "वर भट्टी लागलीये. यांनी रेडिएटर काढल्यापासून नुसतं पेटलंय. खिडकी उघडून झोपते मी."

झालं होतं ते तुदोसेंनी नंतर समजावून सांगितलं. त्यांना ते समजावताना फार आनंद झाला. आमच्याच नळीत वर्षानुवर्षं गाळ चोंदला होता. बॉयलर बसवण्यासाठी तो काढला आणि शहराचं सगळं गरम पाणी मोकळं होऊन सरळ वर गेलं. म्हणजे नुसती नळी साफ केली असती तरी आमचं घर तापलं असतं. बॉयलर, भोक, निरीक्षक, कोबी, कशाचीच गरज नव्हती. "प्रोफेसरसाहेब," ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगणार होतो." हे वाक्य मी त्या आठवड्यात जिन्यातल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं.

तर नातू वर गेला. त्याच्या मागोमाग स्मारांदा, तिच्या मागोमाग लिओन्तिना, सार्मालेचं पातेलं, कोझोनाकचा केक आणि नाताळचं झाडही गेलं. जिन्यातून झाड वर नेताना ग्योचेलांनी मदत केली आणि "तुम्ही नाही येत?" असं विचारलं.

"कुणीतरी बॉयलरपाशी हवं," मी म्हणालो.

"बाबा, या ना," स्मारांदा दोनदा खाली येऊन म्हणाली. "तांती काही मनात ठेवत नाही हो. ती तर म्हणते, त्याला सपाता तयार ठेवल्यात."

सपातांचं नाव काढलं नसतं तर मी कदाचित गेलोही असतो. पण मला वाटलं, वर ते सगळे हसत असतील. मी शिकलेला माणूस, भूगोलाचा शिक्षक, ईशान्येच्या वाऱ्यात धुराडं लावून बसलेला, आणि ती बाई बिनबाह्यांच्या झग्यात. मी म्हणालो, हा नीट पेटू दे, मग येतो. ताठ मानेनं वर जायचं तर पेटलेला बॉयलर मागं ठेवूनच जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. नाताळचं जेवण मला ताटलीत खाली आलं. सार्माले मी खाल्ले. उत्तम झाले होते. दारिओला दिवसातून दोन-तीनदा बर्फातल्या कपड्यांत गुंडाळून आजोबांना भेटवायला आणत. त्यातून फक्त नाक दिसायचं. त्याला कडेवर घेऊन मी बॉयलर दाखवायचो.

सव्वीस तारखेला सकाळी वारा थोडा मंदावला. बॉयलरनं नेहमीसारखं न खोकता एकदम गंभीर सूर लावला. मी खुर्ची ओढून त्याच्या अंगाला कान लावून बसलो. पहिली टकटक. दुसरी. आणि वर एकदम धाडधाड सुरू झालं! कुणी टाळ्या पिटतंय, कुणी किंचाळतंय, खुर्च्या सरकतायत. तिसरी टकटक झाली की नाही ते मला कळलंच नाही. बटण चुकलं, लाल दिवा. पुन्हा बसलो. पहिली टकटक, दुसरी, आणि वर पुन्हा टाळ्या, "हाऽऽ! हाऽऽ!" आणि काहीतरी आपटल्याचा आवाज.

आमच्या इमारतीत वरच्यांना गप्प करायचं असलं की कुणी जिना चढत नाही. हात उचलावा आणि उभ्या नळीवर ठोकावं. वरच्या-खालच्या सगळ्या घरांना कळतं की कुणाचं तरी डोकं उठलंय. हे आमच्या हाडीमांसी इतकं भिनलंय की त्यासाठी विचार करावा लागत नाही. मीही केला नाही. स्वयंपाकघरातला पळा घेतला आणि नळीवर हाणला. जोरात. चार-पाच वेळा.

वर सगळं एकदम शांत झालं. त्या शांततेत मी तिसरी टकटक अगदी स्वच्छ ऐकली, बटण दाबलं, आणि बॉयलर पेटला. राहिला. निळी ज्योत स्थिर, रेडिएटर तापू लागले. मी दार उघडून जिन्यात गेलो आणि ओरडलो, "पेटला! राहिलाय! या सगळे खाली!"

लिओन्तिना एकटीच आली. अर्ध्या जिन्यात थांबली.

"दारिओनं पावलं टाकली," ती म्हणाली. "पहिली. कपाटापासून टेबलापर्यंत. मी तुला बोलवायला निघालेच होते."

मी हातातला पळा पाठीमागं नेला.

"नळीवर तू ठोकलंस?"

"आवाज होत होता," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पस्तीसेक वर्षांच्या संसारात तिनं मला पुष्कळ बोल लावलेत आणि त्यातले बहुतेक मला पाठ आहेत. त्या दिवशी तिनं एकही लावला नाही आणि वर निघून गेली. तेवढं एक तरी ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्याला खाली आणलं. घर गरम होतं, सगळ्यांच्या अंगात साधे कपडे होते. मी गालिच्यावर गुडघे टेकून हात पसरून बसलो. माझ्याजवळ कॅमेरा होता. तो सगळा वेळ खाली माझ्याजवळच होता. स्मारांदानं दारिओला उभं केलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि खाली बसला. पुन्हा उभं केलं. पुन्हा बसला. "थकला असेल," स्मारांदा म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तो थकलेलाच होता. तिसऱ्या दिवशी ती दोघं गेली. आठवड्यानं तोरीनोहून फोन आला, आता तो घरभर धावतो, धरवत नाही म्हणे. फोटो आला.

सणानंतर फाने आला आणि त्यानं धुराड्याला पत्र्याची टोपी बसवली. दहा मिनिटांचं काम होतं, दहाच मिनिटं लागली. बैल गेला आणि झोपा केला. त्यानंतर क्रिवत्स किती वेळा आला आणि गेला, बॉयलर हूं की चूं करत नाही. विश्वासू आहे, काटकसरी आहे, मी निवडलेला आहे. घर इतकं उबदार असतं की लिओन्तिना एकेक रेडिएटर बंद करत हिंडते. दोघांना कशाला लागतंय एवढं, म्हणते.

जानेवारीत एका दुपारी मी वर गेलो. दार तांती जेनीनं उघडलं. सपाता दाराशीच होत्या. मी घातल्या.

"कॉफी?" ती म्हणाली.

"नको. तांती, तो कसा चालला?"

तिनं मला का, कोण, काही विचारलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून ती कपाटापाशी गेली. गुडघे वाईट आहेत तिचे, जिना उतरताना ती एकेक पायरी बसवत उतरते. कपाटाला पाठ टेकवून तिनं दोन्ही हात बाजूला उचलले, पोट पुढं काढलं आणि तोंड उघडं टाकलं. मग डावा पाय. डुलली. मग उजवा. मग दोन भराभर, पडता पडता सावरलेले, आणि एक किंकाळी, आनंदाची. टेबलाच्या अलीकडे हातभर अंतरावर ती थांबली.

"इथवर आला," धापा टाकत ती म्हणाली. "मी टेबलापाशी हात धरून उभी होते. माझ्या हाताला त्याचं बोट लागलं नव्हतं अजून."

"लिओन्तिना म्हणाली, टेबलापर्यंत गेला."

"तिला सांगवत नाही रे तुला. इथवर आला. मग तू ठोकलंस. तो दचकला आणि खाली बसला. नळीकडे बघत राहिला बराच वेळ."

मी त्या जागेकडे पाहत होतो. तिथं गालिच्यावर काहीच नव्हतं.

"पुन्हा एकदा दाखवता, तांती?" मी म्हणालो.

ती टेबलाला धरून वळली आणि परत कपाटाकडे निघाली.